अभिनंदनाचा बोर्ड

खिचडी शिजवणाऱ्या बाईला शाळेत नाव नसतं. मुलं 'मावशी' म्हणतात, गुरुजी 'अहो बाई' म्हणतात आणि तपासणीला आलेले साहेब आमच्याकडे न बघता पातेल्याकडे बघतात. मला ते बरंच वाटायचं. चारचौघांत कुणी माझं नाव घेतलं की अजूनही मला हातातलं भांडं घट्ट धरावंसं वाटतं.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची. देवळाली प्रवराच्या पुढं, कालव्याकाठच्या गावात. स्वयंपाकाची खोली चौथीच्या वर्गाला लागून होती, मध्ये एक खिडकी. माझ्या माहेरची शाळाही चौथीपर्यंतच होती, म्हणून माझं शिक्षण तेवढंच. पाचवीला दुसऱ्या गावाला जावं लागायचं आणि मुलीला एकटीला धाडायचं नाही असं घरात ठरलं. इथं कामाला लागल्यावर मी पुन्हा चौथीतच येऊन बसले. दर जूनला नवी मुलं यायची, शिकायची आणि पुढे जायची. मी तांदूळ निवडत तिथंच. भागाकार आणि जिल्ह्याचा नकाशा मला तोंडपाठ झाला. पाचवीत काय शिकवतात ते मात्र कधी कळलं नाही.

बाहेरच्यांना वाटतं, खिचडी टाकायची, त्यात काय एवढं. घरी चार माणसांची करणं वेगळं आणि शंभर पोरांची करणं वेगळं. पाणी उकळल्याशिवाय तांदूळ टाकायचा नाही, नाहीतर खालचं गिचगिचीत आणि वरचं कच्चं. तिखट बेताचं, कारण पहिलीतल्या एकाला ठसका लागला की त्याची आजी दारात उभी. आणि मुलांना वाढायच्या आधी गुरुजींनी आणि एखाद्या पालकानं चव घ्यायची हा नियम. एकदा तपासणीच्या साहेबांनी चव घेतली. "मीठ कमी आहे." परत थोडी मागितली. "हो, कमीच आहे." मीठ कमी आहे म्हणत म्हणत साहेब दोन ताटं जेवले आणि वहीत 'समाधानकारक' लिहून गेले.

गिऱ्हाइकंही एकेक. एक मुलगी मटकीचे दाणे वेचून ताटाच्या कडेला ओळीनं लावायची आणि शेवटी एकदम खायची. एकाला तळाची करपलेलीच लागायची. "मावशी, खालची द्या ना," म्हणत तो रांगेत मुद्दाम शेवटी उभा राही. सोमवारी मुलं जास्त खात. रविवारी घरी काय शिजलं असेल ते मला ताटावरून कळायचं, पण मी कुणाला विचारलं नाही.

आता दुसरी बाई शिजवते. माझ्या गुडघ्यांनी काम सोडायला लावलं. रोज अकराच्या सुमाराला मला फोडणीचा वास येतो, घरात काही चुलीवर नसलं तरी.

माझी लेक अश्विनी डी.एड. झाली त्या दिवसापासून माझ्या मनात एकच होतं. तिला कुठल्यातरी वर्गात उभं राहून शिकवताना ऐकायचं. मी बाहेर असले तरी चालेल, दिसली नाही तरी चालेल, आवाज आला पाहिजे. हे मी कुणाला बोलले नव्हते, तिलाही नाही. शिक्षकाची पात्रता परीक्षाही ती पास झाली, पण भरती निघेना. निघाली तर कोर्टात अडकायची. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. शेजारणी म्हणायच्या, "काय गं, एवढी शिकवून पोरगी घरातच?" मी हसायचे आणि शेणाची पाटी उचलायचे.

मग तिच्या मोबाईलवर जाहिरात आली. राहात्याजवळ मोठ्या रस्त्याला नवी निवासी शाळा, शिक्षिका पाहिजेत, राहण्याची सोय. मुलाखत रविवारी, एका शाळेच्या हॉलमध्ये. आम्ही दोघी गेलो. खऱ्या शाळेचा खरा हॉल, भिंतीवर सुविचार, टेबलावर गुलाबी कापड. आम्हाला कसा संशय येणार? तो हॉल सुट्टीच्या दिवशी कुणालाही भाड्यानं मिळतो हे नंतर कळलं.

टेबलामागं जो माणूस बसला होता त्याला सगळे 'ट्रस्टी साहेब' म्हणत होते. मी भिंतीला टेकून खाली बसले होते. तो स्वतः उठला आणि खुर्ची घेऊन माझ्याजवळ आला.

"आई, तुम्ही खाली का? मुलीला एवढं शिकवलंत, मान तुमचा आहे."

आणि माझ्या पाया पडला. खरं सांगते, शाळेत मला कुणी खुर्ची दिलेली मला आठवत नाही. त्या खुर्चीवर मी बसले तेव्हाच मी फसले. अश्विनीला त्यानं दोन प्रश्न विचारले, एक तिच्या नावाचा आणि एक गावाचा. शिकवून दाखव असं कुणी म्हणालं नाही. जिला शिकवायला ठेवायचं तिचं शिकवणं बघायचं नाही, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. मला वाटलं, हुशारी चेहऱ्यावर दिसत असेल.

परत येताना त्यांच्या माणसानं शाळेची इमारत दाखवली. रंगकाम चालू होतं. लांबच लांब व्हरांडा, एकाला लागून एक दारं. मी मनात म्हटलं, केवढे वर्ग! अश्विनीनं त्यातलं एक दार बोटानं दाखवलं. "आई, मला तो कोपऱ्यातला मिळाला तर बरं, उजेड चांगला आहे."

पडताळणीसाठी म्हणून तिची सगळी मूळ कागदं त्यांनी ठेवून घेतली. फाईल पुढं सरकवायचे पैसेही घेतले. किती ते लिहीत नाही. गेले ते गेले. कागदांचं मात्र अजून मनातून जात नाही.

निवड झाल्याचा फोन आला त्याच दिवशी आमच्या ह्यांनी पेढे आणले. ट्रस्टी साहेबांनी सांगितलं, "गावाला कळू द्या. सत्कार होऊ द्या. फोटो पाठवा, संस्थेच्या ग्रुपवर टाकतो." आमच्याकडं हे सांगावं लागत नाही. कुणाची पोर तलाठी झाली, कुणाचा पोरगा पोलिसात लागला की आधी बोर्ड लागतो, मग ऑर्डर येते. दोन दिवसांत स्टँडवर हा एवढा बोर्ड. अश्विनीचा फोटो, 'शिक्षिकापदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली सरपंचापासून दूध डेअरीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांची तोंडं. आमच्याच शाळेत सत्कार झाला. शाल, श्रीफळ. मोठ्या गुरुजींनी मलाही पुढं बोलावलं. मी पातेलं घासायचं निमित्त करून मागेच राहिले, पण डोळ्यांतलं पाणी काही थांबेना.

रुजू व्हायच्या दिवशी ती नवी साडी नेसून गेली. मीही गेले, सामान होतं ना. इमारत रंगून तयार होती. दारात एक वॉचमन बिडी ओढत बसला होता.

अश्विनी म्हणाली, "काका, शाळेचं ऑफिस कुठं आहे?"

"कंची शाळा?"

"हीच. निवासी शाळा."

तो आमच्या पेटीकडं बघत राहिला. "शाळा न्हाई वो ताई. लॉज हाय. शिर्डीला आल्याली लोकं ऱ्हात्यात. तुमाला खोली पायजे का?"

व्हरांड्यातल्या दारांवर नंबर टाकलेले होते. अश्विनी त्या कोपऱ्यातल्या खोलीकडं बघत होती. आत दोन खाटा आणि एक आरसा दिसत होता. फोन लावला तर बंद. मुलाखतीच्या शाळेत गेलो तर शिपाई म्हणाला, "हॉल भाड्यानं दिल्ता. आमचा काय संबंध न्हाई." येताना एस.टी.त तिनं फक्त साडीची पिन काढून हातात धरली होती.

घरी आल्यावर हे म्हणाले, "कुणाला काय बोलायचं न्हाई."

"पोलिसांत तरी..."

"आन बोर्डाचं काय? गाव थुकंल तोंडावर. धाकट्या पोरीचं लगीन जमवायचंय अजून."

म्हणून अश्विनीला खर्ड्याला धाडलं, माझ्या बहिणीकडं. गावात सांगितलं, पोरगी नोकरीवर गेली, होस्टेलात राहते. ती तिकडं बाजरीची कापणी करू लागायची आणि इकडं स्टँडवर तिचा फोटो हसत उभा होता. मला दूध घालायला रोज त्या बोर्डाखालून जावं लागे. मी वर बघत नसे. घरात तिची उशी होती, तिचा कंगवा होता. मी कंगव्यातले केस काढले नाहीत. शाळेतल्या बाया विचारत, "काय म्हनती मॅडम?" मी मान हलवत असे. वाढताना मुलं म्हणत, "अश्विनीताईच्या शाळेतली खिचडी चांगली की तुमची?" मी म्हणे, "तिथं पोळी-भाजी देतात."

दिवाळी झाली आणि मोठे गुरुजी स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात आले. "भरती निघतेय बरं का. सरकारी. अश्विनीला सांगा, मूळ कागदपत्रं तयार ठेव म्हणावं. कुणाची मध्यस्थी लागत नाही, सगळं ऑनलाईन." मी डाळ धूत होते, धूतच राहिले.

त्या संध्याकाळी अश्विनीचा फोन आला. तिलाही कळलं होतं. "आई, कागदं नाहीत माझ्याकडं. नवी काढायची तर आधी तक्रार लागते पोलिसांत. तक्रार झाली तरच नक्कल मिळते."

मी ह्यांना सांगितलं. हे बैलाला पाणी पाजत होते. "भरती काय परत यील. गेल्याली अब्रू यत न्हाई."

"तिचं वय बसून राहनार हाय का?"

"तू गप."

मी गप बसले. मला गप बसायला कुणी शिकवायला लागत नाही.

थोड्या दिवसांनी, शनिवारी सकाळची शाळा होती, मी वाढत होते. दारात दोन बायका आल्या. एक माझ्या वयाची, जांभळ्या लुगड्यातली, दुसरी तिची लेक, काखेत प्लॅस्टिकची फाईल. शेजारच्या गावच्या. त्या बाईनं मोबाईल माझ्यापुढं धरला. अश्विनीच्या सत्काराचा फोटो. शाल, श्रीफळ, मागं आमचीच शाळा.

"ही तुमचीच लेक ना ताई? त्या सायबांनी पाठवलाय. म्हनले, बगा, हिला लावली. उद्याच बोलावलंय आमाला, रविवारचं. म्हनलं, जायच्या आदी त्या माउलीला भेटावं. चांगली हाय ना शाळा?"

तो फोटो त्यांनी आमच्याकडून का मागून घेतला होता ते मला तेव्हा समजलं. आमच्या मानाचं त्यांनी गळाला लावायचं गांडूळ केलं होतं. आणि आता ही दुसरी पोर समोर होती, फाईल अगदी तशीच छातीशी धरून. तिनं मला विचारलं, "मावशी, मूळ कागदं न्यायची का झेरॉक्स?"

रांगेत मुलं थाळ्या वाजवत होती. मागं दोन पालक बाया बसल्या होत्या, एक गुरुजी वही घेऊन उभे होते. माझ्या हातात खिचडी वाढायचा डाव होता. तोंड उघडलं आणि आवाज फुटला, तो माझ्याही ओळखीचा नव्हता.

"ती शाळा न्हाई. लॉज हाय. माझी लेक नोकरीला न्हाई, खर्ड्याला माझ्या बहिनीकडं हाय. कागदं गेली तिची. तुमी जाऊ नका. अजिबात जाऊ नका."

मुलांच्या थाळ्या थांबल्या. पोरीनं फाईल आणखी घट्ट धरली. मागं बसलेल्यांपैकी एक म्हणाली, "अगं बया." मग ती जांभळ्या लुगड्यातली बाई हळूच, पण लागेल असं म्हणाली, "मंग ताई, तो बोर्ड का लावलाय अजून स्टँडवर? आमी त्यो बघूनच तर आलो."

मी मुलांना वाढून संपवलं, कारण मुलं उपाशी ठेवता येत नाहीत. मग भाजीची सुरी पदराखाली घेतली आणि स्टँडवर गेले. भर दुपार. पानटपरीवर माणसं बसलेली. मी रसवाल्याचं रिकामं पिंप पालथं घालून वर चढले.

"काय मावशी, लेकीचा फोटू घरी न्यायचा का?"

"अवो पडताल! आमी काढून देतो."

"आरं, दुसरा मोठा लावायचा आसंल."

एक दोरी कापली तसा बोर्ड एका बाजूनं लोंबला आणि सरपंच उलटे झाले. माणसं हसली. दुसरी दोरी कापेना, सुरी बोथट. तेवढ्यात खालून कुणीतरी पिंप धरलं. बघते तर हे. शेजारच्या कुणीतरी जाऊन सांगितलं असणार. मला वाटलं, आता चारचौघांत हात उगारतात. पण त्यांनी माझ्या हातातली सुरी घेतली, मला खाली उतरवलं आणि स्वतः वर चढून उरलेल्या दोऱ्या कापल्या. त्यांचे कान लाल झाले होते. खाली उतरून टपरीकडं न बघता म्हणाले, "पोरगी फसली आमची. आमी फसलो. कुनाच्या पोरीला बोलावनं आलं आसंल तर पाठवू नगा."

हसणं थांबलं. टपरीवरल्या एकानं मान खाली घातली. नंतर कळलं, त्याच्या भाचीनंही तिथं कागदं दिली होती.

अश्विनीला खर्ड्याहून बोलावून घेतलं आणि सोमवारी तक्रार दिली. मोठे गुरुजी बरोबर आले. हवालदार म्हणाला, "बोर्ड लावायच्या आधी यायचं व्हतं." मी म्हटलं, "व्हय साहेब." दुसरं काय म्हणणार? पण त्यानं लिहून घेतलं नीट. त्या दुसऱ्या मुलीच्या आईनंही येऊन सांगितलं. तिच्या लेकीची कागदं वाचली. हे एक बरं झालं.

अश्विनीची नक्कल कागदं आली तोवर ती भरती होऊन गेली होती. तो माणूस सापडला का? नाही. फोन नंबर बदलला की अशी माणसं बदलतात.

आता लोक अश्विनीला विचारायला येतात. ती सगळ्यांना तेच सांगते. मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचा नाही, दाखवायचा आणि परत घ्यायचा. शाळा बघायची ती रविवारी नाही, भरल्या शाळेच्या दिवशी बघायची. मुलं दिसली पाहिजेत, त्यांच्या सायकली दिसल्या पाहिजेत, दारात सोडायला आलेल्या आयांना विचारलं पाहिजे. तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात जाऊन अशी शाळा आहे का ते विचारायला पैसे पडत नाहीत. धडा घेऊन दाखव असं न म्हणता जो नोकरी देतो, तो नोकरी देत नाही. मी त्यात माझं एक घालते. पहिला पगार हातात येईस्तोवर पेढा नको आणि बोर्ड तर नकोच.

मागच्या महिन्यात आम्ही दोघी तालुक्याच्या गावी एका जुन्या हायस्कूलला गेलो. तिथं तासावर शिकवायला बाई पाहिजे असं पेपरात आलं होतं. मंगळवार होता, शाळा भरलेली. मुख्याध्यापक बाई वयस्कर होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी अश्विनीच्या झेरॉक्स वाचल्या, वर्गात नेऊन तिच्याकडून एक कविता शिकवून घेतली. मला ऑफिसात बसवलं, म्हणून मला काही ऐकू आलं नाही. परत आल्यावर त्यांनी झेरॉक्स तिच्या हातात ठेवल्या.

"छान शिकवतेस. आलीच आहेस म्हणून ऐकून घेतलं, पण जागा काल भरली, पेपरात आलेलं मागं घ्यायचं राहिलं. खोटी आशा लावणार नाही तुला. पुढच्या वर्षी ये, असंही म्हणणार नाही. निघाली जागा तर पेपरात देईन, तेव्हा सगळ्यांबरोबर ये."

आम्ही बाहेर आलो. मी रडायच्या बेतात होते. अश्विनी मात्र म्हणाली, "आई, तोंडावर सरळ 'नाही' म्हणाल्या. किती बरं वाटलं."

तेवढ्यात मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. मुलं व्हरांड्यातून आत पळायला लागली. एक बारकी मुलगी, दोन वेण्या, अश्विनीची साडी बघून तिच्यापुढं येऊन थांबली. तिला वाटलं, ह्याच बाई.

"मॅडम, पाणी पिऊन येऊ का?"

अश्विनीनं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "ये. पण पळायचं नाही. ओलं आहे तिथं, चालत जा."

मुलगी चालत गेली. अश्विनी ती परत येऊन वर्गात शिरेपर्यंत तिथंच उभी राहिली. मीही राहिले. घरी जायची घाई नव्हती.